परदेशी नोट काउंटरवरून परत पाठवण्याआधी : बँकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र व गोव्यातील बँकांचे शाखा व्यवस्थापक आणि परकीय चलन विभागाचे अधिकारी

विषय : परदेशी नोटा विकत घेताना शाखांमधून होणारी टाळाटाळ

सप्रेम नमस्कार.

परदेशवारीहून परतलेल्या निवासी भारतीयाला दोन हजार डॉलर किंवा तेवढ्या किमतीच्या परदेशी नोटा जवळ ठेवता येतात. नाण्यांना मर्यादा नाही. दोन हजारांच्या वरची रक्कम १८० दिवसांच्या आत अधिकृत व्यक्तीला (परवाना असलेली बँक किंवा मनी चेंजर) विकायची किंवा आरएफसी डोमेस्टिक खात्यात (निवासी भारतीयाचे परकीय चलनातले खाते) भरायची, असा फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालचा नियम आहे. म्हणजे २,४०० डॉलर घेऊन आलेला माणूस तुमच्या काउंटरवर चारशे डॉलर पुढे करतो, तेव्हा तो मेहरबानी मागत नसतो, कायद्याने त्याच्यावर टाकलेली जबाबदारी पार पाडत असतो. त्या नोटा विकत घेण्याचा परवाना ज्यांना दिलेला आहे, त्यांत पहिली श्रेणी तुमचीच आहे. ‘आमच्याकडे होत नाही’ एवढे सांगून त्याला परत पाठवले की दिवस त्याचे मोजले जातात, तुमचे नाही.

(अनेक नागरी सहकारी बँकांना हा परवानाच नसतो. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्यांच्याकडे परवाना आहे, ज्यांच्या संकेतस्थळावर रोज दर झळकतात आणि तरीही ज्यांच्या शाखांतून माणूस तीन-तीन हेलपाटे घालतो, त्यांच्यासाठी हे पत्र आहे.)

नोट घ्यायला कॅशियर का कचरतो, हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्याची कारणे खोटी नाहीत. शाखेतले नोटमोजणी यंत्र रुपयापुरते तयार केलेले असते. त्यात दिराम किंवा पौंड घातला तर ते एक तर थांबते, नाही तर नुसता आकडा मोजते, खरे-खोटे सांगत नाही. नोट खोटी निघाली तर ती रक्कम आपल्या अंगावर येईल, ही भीती कॅशियरच्या मनात असते. बँकेला परवाना असला तरी प्रत्येक शाखेला परदेशी नोटा घेण्याची मुभा नसते; ठरावीक शाखाच ते काम करतात. घेतलेल्या नोटांवर तिजोरीत व्याज मिळत नाही. पुरेसा साठा होईपर्यंत त्या पडून राहतात, मग विमा उतरवून मुख्य शाखेत जातात, तिथून ठोक भावात दुसऱ्या अधिकृत व्यापाऱ्याला विकल्या जातात किंवा परदेशी पाठवल्या जातात, आणि तेव्हा कुठे बँकेच्या परदेशातल्या खात्यात पैसे जमा होतात. मधल्या काळात दर उतरला तर तोटा बँकेचा.

हे सगळे मान्य. पण या अडचणी बँकेच्या घरातल्या आहेत. मुख्य कार्यालयाने त्या एकदा बसून सोडवायच्या असतात. तसे न झाल्याने शाखेतला प्रत्येक कर्मचारी आपापल्या परीने उत्तर शोधतो, आणि सर्वांत सोपे उत्तर ‘नाही’ हेच असते. मग माणूस बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत जातो. तिथे पावती मिळत नाही, पासपोर्ट कोणी विचारत नाही, आणि दर पुष्कळदा तुमच्यापेक्षा बरा असतो. तो व्यवहार बेकायदा आहे हे त्याला बहुधा माहीतही नसते.

आता नोटांकडे वळू, कारण खरा घोळ तिथेच होतो.

सर्वांत जास्त वाद डॉलरवरून होतात. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने १९१४ पासून काढलेली प्रत्येक नोट आजही दर्शनी किमतीला चालते. ‘लहान चेहऱ्याची नोट बंद झाली’ असे काउंटरवर सर्रास सांगितले जाते, ते साफ चूक आहे. १९९६ च्या मालिकेपासून शंभराच्या नोटेवरचा चेहरा मोठा झाला, वॉटरमार्क आला, रंग बदलणारी शाई आली. त्याआधीच्या नोटेत ही साधने नसल्याने ती तपासणे अवघड असते, म्हणून बँका ती टाळतात. टाळायची असेल तर कारण खरे सांगा : ‘नोट चालू आहे, पण आमच्याकडे ती तपासायची सोय नाही, कलेक्शनवर देता येईल, म्हणजे ती पाठवून पैसे आले की खात्यात जमा करू.’ ‘बंद झाली’ ऐकून घरी गेलेला माणूस ती नोट फेकूनही देऊ शकतो.

८ ऑक्टोबर २०१३ पासून चलनात आलेली निळ्या पट्टीची शंभराची नोट तर यंत्राशिवाय तपासता येते. ती निळी पट्टी कागदावर छापलेली नाही, कागदात विणलेली आहे. नोट पुढे-मागे कलती केली की पट्टीतल्या घंटा आणि शंभराचे आकडे डावी-उजवीकडे सरकतात. डावी-उजवीकडे कलती केली की तेच वर-खाली जातात. शेजारच्या तांबूस दौतीत एक घंटा आहे, ती नोट कलती करताच हिरवी होऊन उठून दिसते. नोटेच्या डाव्या बाजूला फ्रँकलिनच्या खांद्यावरून नख फिरवा, खरखर लागली पाहिजे. शेवटी अतिनील दिव्याखाली धरा : शंभराचा धागा गुलाबी दिसतो, पन्नासचा पिवळा, वीसचा हिरवा, दहाचा नारिंगी, पाचाचा निळा. हे पाच रंग महत्त्वाचे आहेत, कारण पाचाची खरी नोट धुऊन त्याच कागदावर शंभर छापण्याचा प्रकार होतो. कागद हाताला अस्सल लागतो, शाई शोधणारे साधे पेनही फसते. पण धागा निळा दिसला की नोट पकडली गेली. रुपयासाठी घेतलेला अतिनील दिवा प्रत्येक शाखेत आहेच. नवीन खरेदी कसलीच नाही, फक्त हे रंग कोणीतरी कॅशियरला सांगायला हवेत.

पौंडाचे उलटे आहे. इंग्लंडमध्ये कागदी नोटा खरोखरच चलनातून गेल्या आहेत : पाचाची ५ मे २०१७ ला, दहाची १ मार्च २०१८ ला, वीस आणि पन्नासची ३० सप्टेंबर २०२२ नंतर. त्या घेऊ नका, हे बरोबरच. पण त्या रद्दी झालेल्या नाहीत. बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटांचे पैसे कायम देते, मुदत नाही. लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या काउंटरवर किंवा टपालाने त्या बदलून मिळतात. आजोबांच्या डायरीत सापडलेली कागदी वीस पौंडाची नोट तिकडे राहणाऱ्या मुलीकडे पाठवा, एवढा सल्ला कॅशियरने दिला तर त्या कुटुंबाचे दोन हजारांहून जास्त रुपये वाचतात.

५ जून २०२४ पासून राजे चार्ल्स यांच्या चित्राच्या नोटा आल्या. त्या आल्या म्हणून राणीच्या चित्राच्या पॉलिमर नोटा बंद झालेल्या नाहीत. दोन्ही बरोबरीने चालतात. शाखांमध्ये मात्र दोन्ही बाजूंनी नकार मिळतो : एके ठिकाणी राजाची नोट ‘ओळखीची नाही’ म्हणून, दुसरीकडे राणीची ‘जुनी’ म्हणून. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या बँका स्वतःच्या नोटा काढतात. त्यांवर ‘स्टर्लिंग’ लिहिलेले असते, किंमतही तीच असते, पण भारतात त्या बहुतेक कोणी घेत नाही. एडिंबराला शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना हे आधी कळले, तर मुले निघण्यापूर्वीच त्या तिथे बदलून घेतील.

कोकणातल्या शाखांसाठी आखाती नोटांचा भाग सर्वांत मोलाचा आहे. खेड, दापोली, चिपळूण, रत्नागिरीकडच्या घरांत आखातातल्या नोटा वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या असतात, अडीअडचणीला म्हणून. आणि नेमके याच देशांनी अलीकडे जुन्या मालिका मागे घेतल्या. ओमानच्या मध्यवर्ती बँकेने ७ जानेवारी २०२४ ला जुन्या मालिकांच्या ठरावीक नोटा काढून घेत असल्याचे जाहीर केले आणि बदलून घ्यायला ३६० दिवस दिले. कुवेतच्या पाचव्या मालिकेच्या नोटा बदलून देण्याची मुदत १८ एप्रिल २०२५ ला संपली. कतारच्या चौथ्या मालिकेच्या नोटा २०२१ अखेर चलनातून गेल्या, पण कतारच्या मध्यवर्ती बँकेत त्या पुढे दहा वर्षे बदलून मिळतात. पहिल्या दोन देशांच्या बाबतीत ज्यांनी वेळेत ऐकले नाही, त्यांची पुंजी बुडाली. एक कुवेती दिनार म्हणजे अडीचशे रुपयांच्या वर. वीस दिनारची एक नोट म्हणजे शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी. या मुदती चालू होत्या, तेव्हा कोकणातल्या प्रत्येक शाखेच्या दारावर मराठीत आणि उर्दूत एक कागद चिकटवायला काय खर्च होता? पुढच्या वेळी तो कागद लागला पाहिजे. परदेशी मध्यवर्ती बँकांच्या अशा घोषणा तुमच्या ट्रेझरीत (मुख्यालयातल्या परकीय चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या विभागात) त्याच दिवशी कळतात.

युरोचा प्रश्न सोपा आहे : पहिल्या मालिकेच्या नोटाही चालू आहेत, पाचशेची नोट नव्याने चलनात आणणे २०१९ मध्ये थांबले, तरी तीही वैध आहे. स्विस फ्रँकची आठवी मालिका ३० एप्रिल २०२१ ला चलनातून गेली, पण स्विस नॅशनल बँक ती मुदतीविना बदलून देते. हाँगकाँगच्या एकाच किमतीच्या नोटा तीन वेगवेगळ्या बँका काढतात, म्हणून तीन नोटा तीन तऱ्हेच्या दिसल्या तर घाबरू नये.

नोटेच्या अवस्थेबद्दल दोन्ही बाजूंना सांगायला हवे. आपल्याकडे गड्डीला टाचणी मारायची आणि वॉटरमार्कच्या मोकळ्या जागेवर पेनाने बेरीज लिहायची सवय जुनी. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये रुपयांच्या गड्ड्या स्टेपल करायला बंदी घातली, तरी हात अजून तिकडे जातोच. परदेशी नोटेवर ते केले की तिचा भाव पडतो, कारण पुढचा ठोक खरेदीदार भोके पडलेली, शिक्का बसलेली, लिहिलेली नोट बाजूला काढतो. पॉलिमरच्या पौंडाला टाचणीचे भोक पडले की तिथून चीर लांबत जाते; घडी मोडावी म्हणून तिच्यावर गरम इस्त्री फिरवली तर नोट आक्रसते. ग्राहकाला हे सांगाच. पण आम्ही असेही प्रकार पाहिले आहेत, की शाखेनेच घेतलेल्या डॉलरांच्या गड्डीवर गोल शिक्का मारला आणि मुख्य शाखेने ती परत पाठवली. परदेशी नोटांना कागदी पट्टी गुंडाळा, शिक्का पट्टीवर मारा.

दराबद्दल ग्राहकाचा गैरसमज असतो आणि तो तुमच्या मौनामुळे वाढतो. तो फोनवर दर बघून येतो. तो दर बँका आपसांत करतात त्या व्यवहारांचा असतो. तुमच्या कार्डावर टीटी बाइंग (खात्यावर परस्पर आलेले चलन), बिल बाइंग (निर्यातीची बिले) आणि करन्सी बाइंग (रोख नोटा) असे खरेदी दराचे वेगवेगळे रकाने असतात आणि नोटेचा रकाना सर्वांत खाली असतो, कारण वर सांगितलेला विमा, वाहतूक आणि पडून राहण्याचा खर्च त्यातूनच निघतो. समजा, टीटीचा दर ८५ आहे आणि नोटेचा ८२.५०. पाचशे डॉलरमागे १,२५० रुपयांचा फरक पडला. हे ग्राहकाला आधी दिसले तर तो ठरवेल, विकायचे की पुढच्या प्रवासासाठी ठेवायचे. व्यवहार झाल्यावर पासबुकात दिसले तर त्याला फसवल्यासारखे वाटणारच. नोटांचे खरेदी-विक्रीचे दर काउंटरजवळ लावावेत आणि दिवसाचे दर सकाळी साडेदहापर्यंत बदलावेत, हे रिझर्व्ह बँकेच्या मनी चेंजिंगच्या निर्देशांत लिहिलेले आहे. तो बोर्ड कित्येक शाखांत भिंतीला असतो, पण त्यावरची तारीख गेल्या महिन्यातली असते.

जीएसटीचेही तसेच. बहुतेक बँका ठरावीक तक्त्याने कर काढतात : एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे सेवेचे मूल्य धरायचे, मात्र ते किमान २५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के कर. वरच्या उदाहरणातले ४१,२५० रुपये मिळाले, तर मूल्य ४१२.५० आणि कर ७४ रुपये २५ पैसे. पण कोणी वीस पौंडाची एकच नोट आणली, तरी किमान मूल्यामुळे ४५ रुपये कर लागतोच. त्यावर शाखेने हाताळणीचे शे-दीडशे रुपये लावले, की आजीच्या हातात नातवाने ठेवलेल्या नोटेतले दीडशे-दोनशे रुपये इथेच संपतात. छोट्या रकमेवरचे हाताळणी शुल्क माफ करणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. निदान ते फॉर्म भरण्याआधी सांगा.

कागदपत्रांवरून होणारी ओढाताण टाळता येण्यासारखी आहे. पासपोर्टची झेरॉक्स, खाते नसेल तर ओळखीचा पुरावा, आणि पैसा कुठून आला ते सांगणारी एक ओळ, एवढ्यावर नेहमीच्या व्यवहाराचे काम होते. भारतात उतरताना पाच हजार डॉलरच्या वर नोटा, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून दहा हजार डॉलरच्या वर रक्कम जवळ असेल, तर कस्टम्सकडे घोषणापत्र भरावे लागते. एवढी मोठी रक्कम विकायला आलेल्याकडे ते मागणे योग्यच, तुम्ही मागितलेच पाहिजे. तीनशे डॉलरवाल्याकडे तेच मागणे म्हणजे त्याला वाटेला लावणे. रोख किती देता येते, याचाही नियम ठरलेला आहे : निवासी ग्राहकाला एक हजार डॉलरच्या किमतीपर्यंत, परदेशी पाहुण्याला किंवा अनिवासी भारतीयाला तीन हजार डॉलरच्या किमतीपर्यंत; त्यावर चेक किंवा खात्यात जमा. निवासी ग्राहकाचे एका महिन्यातले व्यवहार एकत्र धरायचे असतात, म्हणून ‘आज नऊशे, उद्या नऊशे’ अशी वाट त्याला दाखवू नका. अनिवासी भारतीय सुट्टीवर आलेला असताना स्वतःच्या नोटा थेट एनआरई खात्यातही (अनिवासींचे असे खाते, ज्यातले पैसे मोकळेपणाने परत बाहेर नेता येतात) भरू शकतो. पण काउंटरवर हे माहीत नसल्याने त्याला रुपये करून एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते) भरायला सांगितले जाते, आणि मग ते पैसे परत बाहेर नेताना त्याच्यामागे कागदांचे लचांड लागते.

जहाजावर काम करणाऱ्यांचा वेगळा विचार करा. गोवा, रायगड, रत्नागिरीतली कितीतरी मुले क्रूझ आणि मालवाहू जहाजांवर आहेत, आणि पगारातला काही भाग त्यांना रोख डॉलरमध्ये मिळतो. कराराच्या शेवटी घरी येणाऱ्या मुलाकडे वीस, दहा, पाच आणि एक डॉलरच्या नोटांचे जाडजूड पाकीट असते, कारण टिप तशीच मिळते. शाखा शंभर-पन्नास घेते आणि लहान नोटांना कमी दर लावते किंवा हातच लावत नाही. मोजायला वेळ लागतो हे खरे. पण वास्को, मडगाव, रत्नागिरीसारख्या ठिकाणी आठवड्यातला एक ठरावीक दिवस लहान नोटांसाठी ठेवला, तर तुमच्याकडे पुरेसा साठा होईल आणि त्यांचे हेलपाटे संपतील. तेवढ्या कामाला एक कर्मचारी आणि एक अतिनील दिवा पुरतो.

आम्ही मागतो ते थोडके आहे. परदेशी नोटा कोणत्या शाखेत, कोणत्या वारी, किती ते किती वाजेपर्यंत घेतल्या जातात आणि कोणत्या चलनांच्या, ही यादी संकेतस्थळावर मराठीतही टाका, गोव्यात कोंकणीतही. ज्या शाखेत सोय नाही तिथल्या शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांना जवळची सोय असलेली शाखा तोंडपाठ असावी. जुन्या किंवा शंकास्पद नोटा परत करण्याऐवजी, अनुक्रमांक लिहून, पोचपावती देऊन कलेक्शनवर घ्या आणि पैसे आल्यावर खात्यात जमा करा. घेतलेल्या प्रत्येक नोटेचे एनकॅशमेंट सर्टिफिकेट ग्राहकाने मागितल्यावर कुरकुर न करता द्या. १८० दिवसांत चलन विकल्याचा त्याच्याकडचा पुरावा तोच असतो. आणि नाकारायचेच असेल, तर नकार तारीख टाकून लेखी द्या. उद्या त्याला मुदतीबद्दल कोणी विचारले, तर तो कागद त्याच्या हाती असेल. लेखी तक्रार करून तीस दिवसांत तुमच्याकडून उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, हेही ग्राहकाला तुम्हीच सांगायचे आहे.

कॅशियरसाठी एक पानाचा तक्ता काउंटरच्या काचेखाली ठेवा : डॉलर, पौंड, युरो, दिराम, सौदी रियाल, ओमानी रियाल, कतारी रियाल, कुवेती दिनार. प्रत्येकासमोर चालू मालिका कोणती, बंद कोणती, बंद झालेली अजून कुठे बदलते आणि खरी नोट कशी ओळखायची. हा तक्ता भरून द्यायला आम्ही तयार आहोत, मोबदल्याशिवाय. तो दर तीन महिन्यांनी तपासायचे काम मात्र तुमच्या ट्रेझरीतल्या एका माणसावर, नावानिशी, सोपवा.

आपले विश्वासू,
परकीय चलनाच्या काउंटरवर वर्षानुवर्षे काम केलेले काही जण